जाऊबाई आणि फकिराची नाळ

आमच्या थोरल्या जाऊबाई, डॉक्टर द्वारकाबाई, यांच्यावर लोक भाषणं करतात तेव्हा मी मागच्या रांगेत बसून ऐकते. लोकांना त्या रक्त न गोठण्याच्या आजारांच्या मोठ्या जाणकार म्हणून ठाऊक आहेत. मला त्या हातात टिपकागद घेऊन आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या बाई म्हणून ठाऊक आहेत. एका घरात इतकी वर्षं काढल्यावर कौतुकाच्या आधी तक्रार तोंडात येते. तर आधी तक्रारच सांगते.

मी लग्न होऊन या घरात आले ते साल पासष्ट. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. खाली सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान, वर आम्ही सगळे. माझे यजमान दुकान बघायचे. थोरले दीर काकासाहेब कॉलेजात गणित शिकवायचे, आणि बोलायचं ते सगळं तिथंच बोलून येत असावेत, कारण घरी त्यांचा आवाज ऐकू येत नसे. त्यांची बायको सरकारी मेडिकल कॉलेजात रक्ताच्या तपासण्या करायची. माझ्या माहेरच्यांना वाटलं, डॉक्टरीण जाऊ मिळाली म्हणजे आता औषधपाण्याची चिंता नाही. औषध कसलं घेऊन बसलात, हळद उतरायच्या आत बाईंनी माझ्या कानाच्या पाळीला सुई टोचली.

रक्त किती वेळात थांबतं ते त्यांना बघायचं होतं. पाळीला बारीक टोचायचं, दर अर्ध्या मिनिटाला थेंब टिपकागदानं टिपायचा, ठिपके लहान होत होत बंद झाले की मोजायचे. आजाऱ्याचं रक्त उशिरा थांबतं असं म्हणायचं, तर धडधाकट माणसाचं किती वेळात थांबतं ते आधी कळायला नको का, असा त्यांचा सवाल. ते इंग्रजी पुस्तकात छापलेलं होतं, पण ते तिकडच्या माणसांचं. इकडची धडधाकट माणसं म्हणजे आम्ही. सासूबाई, सासरे, दुकानातला गडी, दिवाळीला आलेले जावई, कोणी म्हणून सुटलं नाही. एक जावई पुढच्या वर्षी भाऊबीजेला फिरकलेच नाहीत. त्यांनी कामाचं कारण कळवलं होतं, पण मला काय ते कळलं.

मोजताना त्या पुटपुटायच्या ते उर्दूत. वडील जालन्याला निजामाच्या तहसिलीत कारकून, त्यामुळे शाळा उर्दूत झालेली. पोलीस ॲक्शन होऊन निजामी संपली तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, त्यानंतर मराठी शाळेत बसल्या. पण आकडे काही बदलले नाहीत, अजूनही दूधवाल्याचा हिशेब त्या 'उन्नीस, बीस' करत करतात. वडिलांनी त्यांना हैदराबादेला डॉक्टरी शिकायला धाडलं, तेव्हा भाऊबंदांनी नावं ठेवली. वडिलांनी ती ऐकून घेतली आणि दर महिन्याला बस धरून मुलीला डबा पोचवला. जाऊबाई हे सांगतात तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान असतं, ते मी एरवी फक्त एखादी तपासणी बरोबर निघाल्यावर बघितलं आहे.

तपासणीच्या खोलीत त्यांच्या जोडीला हबीबभाई होते. काचेच्या नळ्या धुण्यापासून यंत्र दुरुस्त करण्यापर्यंत सगळं तेच करायचे, आणि दोघं दिवसभर दखनी उर्दूत भांडायचे. या दोघांनी सुरुवातीला केलेलं एक काम मला फार आवडतं. मुसलमानांच्या मुलांची खतना, म्हणजे सुंता, झाली की क्वचित एखाद्याचं रक्त थांबायचंच नाही, आणि त्या मुलाला दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झालेला असायचा. हा आजार आईकडून मुलाकडे येतो; आईला स्वतःला काही त्रास नसतो, पण तिच्या भावांमध्ये तो दिसलेला असतो. मग हे दोघं शहरातल्या एकेका न्हाव्याकडे, हज्जामाकडे गेले. त्यांना एवढंच शिकवलं की वस्तऱ्याला हात लावायच्या आधी पोराच्या आईला विचारायचं, मामूंचं रक्त थांबतं ना? थांबत नसेल तर पोराला आधी आमच्याकडे आणायचं. हज्जामांनी ते मनावर घेतलं. दोन-तीन वर्षांत अशी बरीच मुलं वेळेवर येऊ लागली, आणि जाऊबाईंचं नाव मुंबईपर्यंत गेलं.

पण याच यशानं त्यांचा घात केला, असं मला वाटतं. रक्ताचा आजार म्हटलं की त्या आधी मुलगा आहे का बघायच्या, मग त्याच्या मामांची चौकशी करायच्या. आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत नेमकं तिथंच बिनसलं.

माझी धाकटी बहीण साळू. आमचं माहेर खुलताबादच्या अलीकडचं एक खेडं. साळूला दिली अजिंठ्याला, आत्याच्याच घरी. आमच्यात मामाची मुलगी आधी भाच्याला विचारायची, मग बाहेर बघायचं, ही रीतच होती. चतुराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. तिचा मुलगा पुंजाराम लहानपणापासून आमच्या अंगणात खेळलेला. त्यामुळे साळू सासरी जाताना रडलीसुद्धा नाही. आत्याच सासू, मग रडायचं कशाला?

पहिली मुलगी झाली. बाळ गुटगुटीत, रडणं खणखणीत. आठवड्यानं नाळ सुकून पडली आणि बेंबीतून थोडं रक्त आलं. कपडा दाबून धरला, थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा आलं ते मात्र थांबलं नाही, आणि बाळ गेलं. आत्यानं सुईणीला दोष दिला, तिनं दोरा ढिला बांधला म्हणून. त्या बिचारीला नंतर गावात कोणी बोलावेना.

मी जाऊबाईंना अजिंठ्याला घेऊन गेले. त्यांनी साळूचं आणि पुंजारामचं रक्त काढलं, बर्फात घालून आणलं, आणि जेवढ्या म्हणून तपासण्या येत होत्या तेवढ्या केल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. साळूच्या भावांची चौकशी केली, त्यांनाही कधी काही झालेलं नव्हतं. शिवाय गेलेलं बाळ मुलगी. जाऊबाई पुन्हा अजिंठ्याला गेल्या आणि आत्याला तोंडावर सांगून आल्या, "दोघांच्याही रक्तात काही खोट नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

दोन वर्षांनी साळूला मुलगा झाला. या वेळी सुईण नको म्हणून बाळंतपण सिल्लोडला दवाखान्यात केलं. नाळ पडली. रक्त आलं, थांबलं, पुन्हा आलं. मुलगाही गेला.

आता सुईणीला बोलायची सोय नव्हती. आत्यानं जाऊबाईंचं बोलणं जसंच्या तसं ध्यानात ठेवलं होतं. ती आल्यागेल्याला सांगू लागली, "डाक्टरीणबाई सोता म्हनली, रक्तात खोट नाय. मग खोट कशात हाय? कुशीत हाय." झालं, चांगल्या निघालेल्या तपासणीनंच माझ्या बहिणीवर शिक्का मारला. कोणाच्या बारशाला तिला बोलवेनात. पुंजारामला दुसरी करून द्यायची बोलणी सुरू झाली. पुंजाराम माणूस वाईट नाही, पण आईपुढं तो तोंडात मूग धरून बसायचा. साळू माहेरी आली, आणि मी तिला तिथून औरंगपुऱ्यात माझ्याकडे घेऊन आले.

मी त्या दिवशी जाऊबाईंना वाटेल ते बोलले. तुमची विद्या तुमच्यापाशी ठेवा, म्हटलं, तुमच्या एका वाक्यानं माझ्या बहिणीचा संसार मोडतोय. सासूबाई मधे पडल्या म्हणून थांबले. जाऊबाई साळूजवळ जाऊन जमिनीवर बसल्या आणि विचारलं, रक्त कसं आलं होतं ते सांग, अगदी पहिल्यापासून.

साळू म्हणाली, "दोन्ही येळेला थांबलं व्हतं, बाई. थांबलं म्हून आम्ही बिनघोर झालो. मंग पुन्हा आलं."

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. रक्त किती आलं हे सगळ्यांनी विचारलं, थांबलं होतं का हे कोणीच नाही. जाऊबाई उठल्या त्या तडक कॉलेजात गेल्या. पुढचे काही महिने त्यांचं जेवणाखाण्यावर लक्ष नव्हतं. परदेशी मासिकं तेव्हा बोटीनं यायची, कधी वर्षानं, कधी भिजून. त्यातल्या जुन्या अंकांत त्यांना असल्याच एका बाळाची हकिकत मिळाली. रक्त गोठायला एकामागून एक अनेक घटक लागतात. शेवटचा एक घटक असा, की तो नसला तरी नेहमीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या येतात.

त्या संध्याकाळी त्यांनी मला आणि साळूला समोर बसवून सांगितलं. "चूक माझी झाली. गुठळी होते की नाही एवढंच मी बघितलं. ती टिकते का, हे बघितलंच नाही." बाळाचं झबलं आपण आधी कच्च्या टाक्यानं जोडतो आणि मग पक्की शिवण घालतो, या बाळांच्या रक्ताला कच्चा टाका पडतो, पक्की शिवण पडतच नाही, म्हणून घटकाभर थांबतं आणि मग उसवतं, असं त्यांनी समजावलं. साळूनं एवढंच विचारलं, की मग माझ्या कुशीत काही नाही ना? जाऊबाईंनी 'नाही' म्हणून मान हलवली. मला त्यांचा राग येणं त्या क्षणी बंद झालं. निदान त्या बाबतीतला तरी.

पण साळूला हे कळून काय उपयोग? कळायला हवं होतं ते अजिंठ्यात. जाऊबाई एसटीनं अजिंठ्याला गेल्या, बरोबर मीही गेले. आत्यापुढं बसून त्यांनी सरळ कबूल केलं की मी तेव्हा सांगितलं ते चुकलं, मला माफ करा. साळूच्या पोटी पुन्हा मूल राहिलं तर बाळंतपण माझ्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

आत्यानं चहा पुढं केला आणि म्हणाली, "तवा बी तुमी खात्रीनं बोलला व्हता. आता बी खात्रीनंच बोलताय."

"आता खात्री नाही," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणून तर बघू द्या म्हणते."

आत्यानं बशीतला चहा संपवला. मग तिनं पुंजारामला हाक मारली आणि सांगितलं, की साळूला घेऊन ये. एक डाव आणखी बघू, असं ती म्हणाली. दुसऱ्या लग्नाचं बोलणं मोडलं असं नाही, पण बाजूला पडलं. साळूला त्या घरात राहायचं असेल तर हे एक मूल जगायला हवं, हे आम्ही सगळे जाणून होतो.

बाहत्तर साली साळूला दिवस भरायच्या आधीच औरंगपुऱ्यात आणलं. आत्या आणि पुंजारामही आले. दवाखान्यात सकाळी मुलगा झाला. नाळ कापल्यावर वारेकडच्या टोकातून जाऊबाईंनी रक्त घेतलं, बाळाला सुईसुद्धा लावली नाही. त्याची नळीत गुठळी केली. शेजारी दुसऱ्या नळीत माझ्या रक्ताची गुठळी, तुलनेला. दोन्हींवर एक पाणी ओतलं. पुंजारामनं हबीबभाईंना विचारलं, हे काय. हबीबभाई म्हणाले, युरिया, कच्ची गुठळी यात विरघळते, पक्की टिकते. पुंजाराम गडबडला. "ते तर आम्ही कपाशीला टाकतो," तो म्हणाला, आणि आत्याकडे बघायला लागला. हा त्यातला चोख, प्रयोगशाळेतला, असं हबीबभाईंनी त्याला परोपरीनं सांगितलं, पण नातवाच्या रक्तात खत घातलं ही गोष्ट अजिंठ्यात अजून सांगतात.

दुपारी जाऊबाईंनी आत्याला नळ्या दाखवायला आत नेलं. मी दारातून बघत होते. माझी गुठळी होती तशी होती. बाळाची नळी नुसती पाण्याची. हलवून बघितली तरी आत काही नाही. आत्याला वाचता येत नव्हतं, पण ते तिला वाचावं लागलंच नाही.

तिनं विचारलं, हे आलं कुठून. जाऊबाईंनी काही न लपवता सांगितलं. हे एकाच बाजूनं आलं तर काही होत नाही, साळूसारखं, पुंजारामसारखं, तुमच्यासारखं माणूस धडधाकट राहतं. दोन्ही बाजूंनी आलं तरच बाळाला भोवतं. साळूला ते तिच्या वडिलांकडून आलं, पुंजारामला तुमच्याकडून, आणि तुम्हा भावाबहिणीला एकाच आईबापाकडून.

आत्या पदर सावरून बाहेर आली आणि म्हणाली, मी खुलताबादला जाऊन येते, दर्ग्यावर. तिथला अंगारा लागल्याबिगर पोराच्या अंगात काही जाऊ द्यायचं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इकडे दुसऱ्याच्या रक्तातला वरचा पिवळा भाग, प्लाझ्मा म्हणतात तो, बाटलीत तयार ठेवलेला. बाळाला हवा असलेला घटक त्यात होता. तो थोडासा दिला तरी महिनाभर पुरतो. आणि हिला आता अंगारा पाहिजे. मी जाऊबाईंना म्हटलं, ती गेली की देऊन टाका, तिला कोण सांगणार आहे. जाऊबाई म्हणाल्या, नाळ पडायला अजून दिवस आहेत, आपण थांबू. लपवून एकदा देता येईल, पण याला जन्मभर द्यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या परत आली. बाळाच्या कपाळाला अंगारा लावला, साळूच्या लावला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, प्लाझ्माच्या बाटलीलाही बोट लावलं. हबीबभाई चपापले. जाऊबाईंनी बाटली नीट पुढं धरली, काचेला लागला तर लागू द्या म्हणाल्या, आणि मग बाळाच्या डोक्यावरच्या शिरेतून तो थेंब थेंब सोडला.

नाळ पडेपर्यंत साळूनं बाळाला खाली ठेवलं नाही. पडली त्या दिवशी आम्ही सगळ्या जणी तिच्याभोवती बसलो होतो. तिनं बेंबीवरचा कपडा उचलला. कोरडा. दुसऱ्या दिवशी उचलला, कोरडा. तिसऱ्या दिवशी तिनं कपडा माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून झोपून गेली. दुपारी उठली तेव्हा म्हणाली, लई भूक लागली.

आत्यानं बाळाचं नाव फकिरा ठेवलं, दर्ग्यावर मागून घेतलेला म्हणून. गावभर सांगितलं की पिराच्या दुव्यानं पोरगं जगलं. जाऊबाईंचं नाव त्यात कुठंच नव्हतं. मला हे इतकं लागलं की मी चार दिवस आत्याशी बोलले नाही. जाऊबाईंना मात्र त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी आत्याला विचारलं, नवस कसा फेडणार. दर महिन्याला एका गुरुवारी, जुम्मेरातीला, पोराला घेऊन दर्ग्याला यायचं, आत्या म्हणाली. मग जाऊबाई म्हणाल्या, वाट औरंगाबादवरूनच आहे. जाताना आधी आमच्याकडे बाटली, मग दर्गा. आत्याला ते पटलं.

आणि ते असं पटलं की एक महिना चुकला नाही. पाऊस असो, पेरणी असो, आत्या आणि साळू पोराला घेऊन पहिल्या एसटीनं यायच्या. सकाळी बाटली, मग खुलताबाद, संध्याकाळी आमच्याकडे मुक्काम. पोरगं वाढलं. पडलं, झडलं, गुडघे फोडून घेतले, आणि बाकीच्या पोरांसारखं बरं झालं. रक्त देणारे जाऊबाईंनी ठरवून ठेवले होते, घरचे आणि ओळखीचे, वर्षानुवर्षं तेच. मी त्यातली एक. पुढं रक्तातून नवा आजार पसरल्याच्या बातम्या आल्या, लोक घाबरले, तेव्हा आमच्या फकिराला त्याची झळ लागली नाही ती या हट्टामुळे.

हीच त्यांची पुढं पद्धत झाली. कन्नडच्या एका मुलाची बाटली अमावास्येला, कारण त्याचा बाप त्या दिवशी शनीला यायचा. पैठणच्या मुलीची आठवडी बाजाराच्या वारी. जाऊबाई आणि हबीबभाई माणसाला आधी विचारायचे, तुम्ही शहरात कशाला येता, आणि मग तारीख ठरवायचे. या आजारावर त्यांनी पुढं निबंध लिहिले, मराठवाड्यातली अशी आणखी कुटुंबं शोधली. दिल्लीच्या एका परिषदेत कोणीतरी विचारलं, की तुमचे रुग्ण मधेच येणं बंद करत नाहीत, हे कसं काय? जाऊबाईंनी प्रामाणिकपणे दर्गा, शनी आणि बाजार सांगितला. सभागृह हसलं म्हणे. त्याही हसल्या, आणि घरी येऊन मला म्हणाल्या, की त्यांना वाटलं मी गंमत करते.

एवढं सगळं मिळालं तरी एक गोष्ट त्यांच्या मनात सलत होती, आणि ती मला माहीत होती. 'खोट नाही' हे त्यांचं बोलणं आत्यानं गावभर केलं होतं. चुकलं, हे मात्र अजिंठ्यात कोणाच्या कानावर गेलं नव्हतं. फकिरा जगला, साळूचं घर राहिलं, पण लोकांच्या लेखी तिची कूस वाईट ती वाईटच. पिरानं दया केली म्हणून एक हाती लागला. साळूला पुढं मूल झालं नाही. बारशाला ती जायची, पण पाळण्याची दोरी तिच्या हातात कोणी देत नसे. जाऊबाईंनी एक-दोनदा आत्याकडे विषय काढला. आत्या ऐकायची, हं म्हणायची आणि चहा टाकायची.

शहाण्णव साली आमचा धाकटा भाऊ रामकिसन औरंगपुऱ्यात आला. फकिरा चोवीस वर्षांचा, एमआयडीसीत कामाला लागलेला. जुम्मेरात होती, त्यामुळे आत्या, साळू, पुंजाराम, सगळे आमच्याकडे मुक्कामाला होते. शिवाय माहेरची चार मोठी माणसं रामकिसननं बरोबर आणली होती. त्याचा बेत कोणालाही ओळखता आला असता. त्याची मुलगी लग्नाची होती, आणि फकिरा तिच्या आत्याचा मुलगा.

साळू आणि मी आत भाकरी करत होतो. दार उघडंच होतं. रामकिसननं गोडीगुलाबीनं विषय काढला, मोठ्या माणसांनी माना डोलावल्या, घरातलं घरात राहील म्हणाले. पुंजारामलाही ते बरं वाटलेलं दिसलं. जाऊबाईंनी कप खाली ठेवला. त्या आता बोलणार हे मला कळलं. चार माणसांत त्या रक्ताबिक्ताचं बोलायला लागल्या तर लोक म्हणतील, यांना आमच्या रीतीतलं काय कळतं. साळूचे हात परातीतच थांबले.

त्यांच्या आधी आत्या बोलली. पंचाहत्तरीची बाई, भिंतीला टेकून बसलेली.

"नाय," ती म्हणाली. "रामकिसना, तुझी पोरगी गुणाची हाय. पर ती माझ्या घरात नको. एकाच आज्याचं रक्त दोन्हीकून आलं का लेकरं हाती लागत नाय. आमची दोन तशीच गेली. लोकं म्हनायची साळूची कूस खोटी, अन् लोकांना सांगनारी म्याच. तिची कूस खोटी नव्हती. निम्मं तिच्या बापाकून आलं अन् निम्मं माझ्याकून आलं."

एक मोठा माणूस म्हणाला, जाऊ द्या आत्या, पीरबाबाच्या कृपेनं झालं ना सगळं चांगलं. आत्या म्हणाली, "पीरबाबानं वाट दावली. बाटली हिनं दिली," आणि हातानं जाऊबाईंकडे दाखवलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. साळू पिठाच्या हातानं तशीच बाहेर गेली आणि आत्यासमोर उभी राहिली. मीही मागोमाग गेले. जाऊबाई जागच्या हलल्या नव्हत्या, त्यांचे डोळे भरले होते.

"आत्या," साळूनं विचारलं, "तुमाला हे कवापासून ठावं हाय?"

"त्याच दिशी," आत्या म्हणाली. "ती नळी बघितली त्याच दिशी. तोंडानं म्हनायला येवढी वर्षं लागली, पोरी."

साळू तिच्याजवळ खाली बसली, आणि त्या दोन लेकरांसाठी आमच्या सगळ्यांदेखत मोठ्यानं रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.